एकाच बॅचमध्ये एकाला जर्मन पटकन येतं, दुसऱ्याला येत नाही, असं का?

द्राक्षवेल

"मॅडम, याला भाषेचं अंग आहे का हो?" हा प्रश्न पालक मला हमखास विचारतात. मी नाशकात जर्मन शिकवते. कॉलेज रोडच्या संध्याकाळच्या बॅचला सातपूर-अंबडचे इंजिनिअर, निफाड-दिंडोरीकडच्या नर्स, नुकतीच बारावी झालेली मुलं आणि मुलगा-सून तिकडे असलेले एखाद-दुसरे आजी-आजोबा असं मंडळ जमतं. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून चौकशा आणखी वाढल्या आहेत.

पुस्तक तेच, शिकवणारी तीच, तास तेवढेच. तरी दिवाळीपर्यंत एक जण वाक्यं जुळवून बोलू लागतो आणि त्याच्या शेजारचा 'देर-दी-दास' या तीन लिंगांच्या तीन शब्दांमध्येच घुटमळत असतो. दहावी-बारावीच्या मार्कांवरून याचा काहीही अंदाज येत नाही.

जॉन कॅरोल आणि स्टॅनली सॅपन या अमेरिकन अभ्यासकांची १९५९ सालची एक चाचणी या विषयात प्रसिद्ध आहे. कॅरोल यांच्या मते भाषा शिकण्याच्या क्षमतेचे चार घटक आहेत: अनोळखी आवाज ओळखून डोक्यात धरून ठेवणं, वाक्यात कुठला शब्द काय काम करतोय हे जाणवणं, उदाहरणांवरून नियम आपला आपण काढणं, आणि पाठांतर. चारही एकाच माणसात सारखे नसतात. यातला पहिला घटक मला वर्गात लगेच दिसतो. एक लांबलचक नवं वाक्य मी एकदाच म्हणते. काही जण अर्थ न कळताही ते जवळजवळ जसंच्या तसं परत म्हणतात, काहींचं तिसऱ्या शब्दावर घोडं अडतं. ज्यांना ते धरता येतं त्यांची शब्दसंपत्ती पुढे भराभर वाढते.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. अंग असतंच, पण त्यापेक्षा आधीपासून डोक्यात कुठल्या भाषा आहेत आणि त्या आपण वापरतो की दडवतो, याने जास्त फरक पडतो. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रज डोक्याला हात लावतो. आपल्याला त्यात नवल काय? तो दरवाजा, ती खिडकी, ते दार, हे आपण कुणाला कारण न विचारता शिकलो. 'कारण'वाल्या वाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जातं, आपलं तर नेहमीच तिथे असतं. तरीही मुलं मराठीतून जर्मनकडे न जाता इंग्रजीला वळसा घालून जातात आणि इंग्रजांच्या अडचणी फुकट पदरात पाडून घेतात.

उलट बाजूही आहे. शाळेतलं 'स, ला, ते' आठवतंय ना? द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय आपल्याकडे सारखेच. 'त्याने मला पाहिलं' आणि 'त्याने मला पुस्तक दिलं', दोन्हीकडे 'मला'च. जर्मनमध्ये हे दोन वेगळे शब्द होतात, आणि माझी मराठी मुलं नेमकी तिथे आपटतात. तिथे हुशारीचा संबंध नाही, आपल्या भाषेने तो भेद कानाला कधी दाखवलेलाच नाही.

तुमचा अनुभव काय? भाषा कुठलीही चालेल.

शंकासुर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ओझरकर

चांगला विषय, ताई. आमच्या ओझरला एचएएलचा (सरकारी विमान कंपनीचा) कारखाना १९६४ साली आला, मिग-२१ साठी. त्यामुळे वसाहतीत रशियन तज्ज्ञ आणि त्यांची कुटुंबं असायची. पुढे सुखोई-३० आलं तेव्हाही तेच. आमचे वडील तिथे फिटर होते. त्यांच्या पिढीत रशियन येणारे दोन प्रकारचे लोक होते. एक, रीतसर डिप्लोमा केलेले. हे मॅन्युअल वाचायचे, विभक्त्या बिनचूक (रशियनमध्ये सहा आहेत म्हणे), पण चहाच्या वेळी रशियन माणूस समोर आला की गप्प. दुसरे शॉपवरचे. त्यांना रशियन लिपीतलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण पाना मागणं, 'इथे फट राहिली' सांगणं, थट्टा करणं, सगळं चालायचं. व्याकरणाचे तीन तेरा, पण समोरच्याला सगळं समजायचं.

आता यात भाषा कुणाला आली म्हणायची? वडिलांना विचारलं तर ते म्हणत, "आपल्याला कुठं येते, साहेबांना येते."

बागलाणी

ओझरकर काकांचं शेवटचं वाक्य लिहून ठेवावं असं आहे.

मी सटाण्याकडचा. घरात अहिराणी, शाळेत मराठी, मालेगावला मामाकडे गेलो की गल्लीत उर्दू-हिंदी, शिवाय डांगाकडून येणाऱ्या मजुरांशी आजी कोकणी बोलायची. (गोव्याची नव्हे, कोकणा आदिवासींची. दरवेळी सांगावं लागतं.) माझी आजी शाळेची पायरी चढलेली नव्हती आणि चार भाषांत व्यवहार करायची. तिच्याबद्दल 'भाषेचं अंग आहे' असं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. शाळेत आमच्या तोंडून 'काय शे' निघालं की मास्तर पट्टी उचलायचे. तोच पोरगा पुढे फ्रेंचचं सर्टिफिकेट आणतो तेव्हा मात्र 'गिफ्टेड'!

पंचवटीत रामकुंडावर जाऊन बघा. पुरोहित मंडळी गुजराती यजमानाशी गुजरातीत, तेलुगूशी तेलुगूत बोलतात. क्लास कुठला लावला होता त्यांनी? परकीय भाषा कुणाला सोपी जाते हे विचारताना आपण आधी एक चाळणी लावतो: विमानात बसून जावं लागतं ती भाषा.

मोगरा

बागलाणी, +१००. पण पुरोहितांचं तेलुगू संकल्प-दक्षिणेपुरतंच असतं हो. तेलुगूत राजकारणावर वाद घालून दाखवा म्हणावं. हलके घ्या.

बागलाणी

आणि ए-टू (सहा पायऱ्यांतली दुसरी) पास झालेल्याला जर्मनमध्ये राजकारणावर वाद घालता येतो का? ;)

कॉलेजरोडचा

सगळं ठीक आहे, पण वास्तव मान्य करू या. इंग्रजी माध्यमाची मुलं परकीय भाषा लवकर शिकतात. माझ्या दोन्ही मुलांना शाळेत तिसरी भाषा फ्रेंच होती, काही त्रास झाला नाही. मराठी माध्यमवाल्यांना मुळात आत्मविश्वास कमी असतो.

मेंदूवाटा

@कॉलेजरोडचा, मुलांना काय वयात फ्रेंच सुरू झाली तेही सांगा. माध्यमाचं श्रेय वयाला जात असेल.

माझा व्यवसाय मेंदूशी संबंधित आहे म्हणून थोडं सविस्तर टंकतो.

एरिक लेनेबर्गने १९६७ मध्ये मांडलं की भाषा सहज आत्मसात होण्याचा काळ वयात येण्याच्या सुमारास संपतो. त्यावर अजून वाद चालू आहे. २०१८ मध्ये हार्टशॉर्न, टेनेनबाम आणि पिंकर यांनी इंटरनेटवरच्या एका इंग्रजी व्याकरण-चाचणीतून सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची माहिती तपासली. त्यांच्या हिशोबाने व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते, मग उतरते. मात्र जन्मजात बोलणाऱ्याच्या तोडीचं व्हायचं तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात लागते, कारण नाहीतर पुरेसा वेळच हाती उरत नाही. या आकडेमोडीवरही पुढे आक्षेप आले. तेव्हा 'सतरा' हा आकडा भिंतीवर लिहून ठेवू नका.

आवाजांचं मात्र फार लवकर ठरतं. जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा प्रयोग आपल्या दृष्टीने मजेशीर आहे, कारण त्यात हिंदीतले त आणि ट वापरले होते. इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हा फरक ओळखत होती. दहा-बारा महिन्यांची बहुतेक बाळं ओळखेनाशी झाली. आपल्याला त-टचा फरक न ऐकू येणारा माणूस बहिराच वाटेल, पण जर्मन-फ्रेंचमधल्या ओठांचा चंबू करून काढायच्या 'इ'च्या बाबतीत आपणही तसेच आहोत. जपानी माणसांना र आणि ल यांचं तेच होतं. नव्वदीच्या दशकात त्यांच्यावर झालेल्या प्रयोगांत दिसलं की एकाच मास्तरऐवजी अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात र-ल ऐकवून सराव घेतला, तर मोठ्यांचाही कान सुधारतो. म्हणजे दार बंद होतं, कडी लागत नाही.

माध्यमाबद्दल: रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गँशो यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर बरंच काम केलं. परकीय भाषेत अडखळणाऱ्या पुष्कळ मुलांची स्वतःच्या भाषेतली वाचन-लेखनाची, आवाज सुटे करण्याची बाजूही कच्ची निघाली. त्यांच्या मते भीती आणि कंटाळा पुष्कळदा त्यातून नंतर येतात. तेव्हा मातृभाषा पक्की असलेलं मराठी माध्यमाचं मूल कमी कसं? इंग्रजीही अर्धी आणि मराठीही अर्धी, त्याचं कठीण.

कॉलेजरोडचा

पाचवीपासून. बरं, वयाचा मुद्दा घेतला. आत्मविश्वासाचा मी सोडत नाही.

सायोनारा_सिडको

मी जपानी शिकतोय, एन-थ्री (पाच पायऱ्यांतली मधली) झालं. परीक्षेला पहाटेची गाडी पकडून पुण्याला जावं लागतं, हे अवांतर दुःख.

द्राक्षवेल ताईंच्या मुद्द्याला माझ्याकडून बळ. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी भाषाशाळा आहे. त्यांचा अंदाज: फ्रेंच-स्पॅनिशला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास, हिंदीला ११००, आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला २२००. हा तक्ता इंटरनेटवर सगळीकडे 'जगातल्या सर्वांत अवघड भाषा' म्हणून फिरतो. अहो, तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे! आमच्या बॅचमध्ये पहिल्याच दिवशी एक जण तो बघून फी परत मागायला गेला होता.

जपानी वाक्य आपल्यासारखंच. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. आपण 'ला, ने, त, हून' शब्दामागे लावतो, तसे त्यांचेही छोटे शब्द मागे लागतात. मराठीत विचार करत गेलं की मांडणी जवळजवळ तशीच उतरते. इंग्रजीतून गेलं की वाक्य उलटं टांगून मग सुलटं करावं लागतं. माझ्याबरोबरचा एक मुलगा पेठ तालुक्यातला. इंग्रजी यथातथाच, पण बोलण्यात आम्हा सगळ्यांच्या पुढे.

कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, मात्र कुणाला सुटत नाही. रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच २१३६ आहेत. तिथे पाठांतर आणि रोजची उजळणी, दुसरं काही नाही. एबिंगहाउसने १८८५ मध्ये दाखवलं की नवीन पाठ केलेलं सुरुवातीला भराभर गळतं, आणि मध्ये अंतर टाकून उजळणी केली तर जास्त टिकतं. फोनवरची कार्डांची ॲप्स याच तत्त्वावर चालतात. आणि ह्रस्व-दीर्घ! मराठीत आपण ते शुद्धलेखनापुरतं ठेवलंय, तोंडात सगळं चालतं. जपानीत 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. एका चाळिशीच्या बाईंना मी... जाऊ द्या.

मोगरा

जाऊ कसं द्या, पूर्ण सांगा :D

गोदातीर

गाणं शिकलेल्यांना भाषा लवकर येते म्हणतात. मी शास्त्रीय गाते. खरं आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मेंदूवाटा

अर्धं. स्लेव्ह आणि मियाके यांचा २००६ चा अभ्यास आहे, मोठेपणी अमेरिकेत आलेल्या ५० जपानी माणसांवरचा. संगीताची जाण असलेल्यांचे इंग्रजी उच्चार आणि आवाज ओळखणं चांगलं होतं. व्याकरण आणि शब्दसंग्रह यांच्याशी संबंध दिसला नाही. तेव्हा तुमचं फ्रेंच ऐकायला गोड लागेल, चुका त्याच राहतील.

नाशिककरांसाठी आणखी एक. २०१८ मध्ये एक अभ्यास आला. डच शिकणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांना थोडीशी दारू देऊन डचमध्ये बोलायला लावलं. कुणी प्यायलंय हे ठाऊक नसलेल्या डच लोकांनी त्यांच्या उच्चारांना जास्त गुण दिले. पिणाऱ्यांना स्वतःला मात्र आपण बरं बोललो असं काही वाटलं नव्हतं.

शंकासुर

म्हणजे गंगापूर धरणाकडच्या वायनरीत बी-वनची बॅच सुरू करायला हरकत नाही. द्राक्षवेल ताईंचं नावही जुळतंय.

द्राक्षवेल

@शंकासुर, भावना पोचल्या. फी दुप्पट. :)

पण त्या प्रयोगातला 'थोडीशी' हा शब्द महत्त्वाचा, आणि कारण बहुधा संकोच. संकोचाचं माप कुठल्या चाचणीत येत नाही, पण वर्गात तो रोज समोर बसलेला असतो. सगळ्यात जास्त इंजिनिअरांना. त्यांना वाक्य तोंडातून काढण्याआधी डोक्यात तपासून घ्यायचं असतं, तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. ओझरकर काकांनी सांगितलेले डिप्लोमावाले तेच.

स्टुटगार्टची_आजी

मी द्राक्षवेलच्या वर्गात नाही हो, दुसरीकडे शिकले. वय ६८. नातू तिकडच्या बालवाडीत जातो. तो मराठी समजतो, उत्तर जर्मनमध्ये देतो. म्हणून शिकले.

मला 'अंग' वगैरे काही नाही. कालचं आज विसरते. पण लाजायचं वय गेलं हा मोठा फायदा. बेकरीत जाऊन चुकीचं लिंग लावून पाव मागितला तरी पाव मिळतो. सून बरोबर असली की तीच लाजते. एक तक्रार: क्लासमध्ये शिकवतात ते जर्मन एक आणि स्टुटगार्टच्या शेजारणी बोलतात ते वेगळंच. ती श्वेबिश बोली. नातूही तेच उचलून आणतो. पहिल्यांदा वाटलं, आपला पैसा पाण्यात गेला.

बागलाणी

आजी, म्हणजे तिथलीही अहिराणी निघाली! 'तुनं नाव काय शे' असं तिकडेही असणारच.

शंकासुर

आता मुद्द्याचं बोलतो. हे सगळं सराव, संकोच, मातृभाषा... ऐकायला बरं वाटतं, पण थोडं समजूत घातल्यासारखं आहे. काही माणसं निराळीच असतात हे मान्य करायला काय हरकत आहे? नरसिंह राव घ्या. तेलुगू मातृभाषा, मराठी अस्खलित, शिवाय स्पॅनिश. विनोबांनी कुराण मुळातून वाचायला अरबी शिकली. एमिल क्रेब्स नावाचा जर्मन दुभाषा पेकिंगच्या वकिलातीत होता, त्याला ६८ भाषा येत म्हणतात. माझं इंग्रजी सोडून काही होत नाही आणि मी मेहनत केलेली आहे. सरावाने सगळे क्रेब्स होतात का?

मेंदूवाटा

होत नाहीत. अंगभूत फरक खरेच आहेत, ते कुणी नाकारलेले नाहीत. नवे निरर्थक शब्द ऐकून परत म्हणता येण्याची क्षमता माणसागणिक बदलते, आणि नवीन शब्द शिकण्याशी तिचा संबंध बॅडली, गॅदरकोल, पापान्यो यांनी दाखवलेला आहे. धागाकर्तीच्या 'तिसऱ्या शब्दावर' अडणाऱ्यांचं तेच.

क्रेब्स १९३० मध्ये वारला, त्याचा मेंदू जपून ठेवला होता. २००४ मध्ये तो तपासला तेव्हा भाषेशी संबंधित ब्रोका भागाची रचना इतर मेंदूंपेक्षा वेगळी आढळली. पण जन्मतः वेगळी होती म्हणून भाषा आल्या, की आयुष्यभर भाषा केल्या म्हणून वेगळी झाली, हे एका मेंदूवरून कसं सांगणार? स्वीडनच्या लष्करात दुभाषांची शाळा आहे. तिथे अरबी, दारी, रशियन शिकणाऱ्या तरुणांचे मेंदू शिकण्याआधी आणि तीन महिन्यांच्या अतिशय कडक अभ्यासानंतर स्कॅन केले. २०१२ चा अभ्यास. हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागाचा आकार आणि भाषेच्या काही भागांची जाडी वाढली होती. तुलनेसाठी घेतलेल्या, तितकाच अभ्यास करणाऱ्या पण भाषा न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत ती वाढ दिसली नाही. बहुभाषिकांबद्दल २०२१ मध्ये अमेरिकेत आणखी एक दिसलं: मातृभाषा ऐकताना त्यांच्या मेंदूचं भाषेचं जाळं इतरांपेक्षा कमी पेटतं, म्हणजे तेच काम कमी खर्चात. तिथेही आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न शिल्लकच आहे.

आणि शंकासुर, विनोबांना अरबी कशासाठी हवी होती हे तुम्हीच लिहिलंय.

शंकासुर

तो टोमणा लागला.

रात्रपाळी

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेच. मी नर्स. निफाडची, नाशकात नोकरी. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-टू (चौथी पायरी) लागतं, त्याच्या तयारीत आहे.

वर सगळं वाचलं. गरज असली की भाषा येते असं दोघा-तिघांनी सुचवलंय. गरज मला भरपूर आहे, घरावर कर्ज आहे. पण गरजेने डोळे उघडे राहत नाहीत. रात्रपाळी करून दुपारी क्लासला बसलं की शब्द कानावरून जातात. माझ्या बॅचमध्ये जी मुलगी सगळ्यात पुढे आहे ती नोकरी सोडून, बाबांच्या पैशावर शिकतेय. हुशार आहेच, पण आठ तास झोपूनही येते. क्लासमध्ये सर तिला 'टॅलेंट' म्हणतात. मी रजा टाकून घरी होते त्या काळात माझंही बरं चाललं होतं, तेव्हा मलाही म्हणाले.

एवढ्या मोठ्या चर्चेत झोप आणि वेळ हे शब्द आले नाहीत म्हणून लिहिलं. राग नाही.

मोगरा

रात्रपाळी, तुम्ही लिहीत राहा.

द्राक्षवेल

रात्रपाळी, हे यायलाच हवं होतं. आणि झोपेचं नुसतं थकव्यापुरतं नाही. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं काम बरंचसं झोपेतच होतं.

एक विचारू? तुमचं नेमकं काय अडतं, बोलणं की ऐकणं? मला नर्सेसच्या बॅचमध्ये उलटं दिसतं. पेशंटशी बोलायची सवय असल्याने त्या बोलण्यात इंजिनिअरांपेक्षा धीट असतात.

रात्रपाळी

बोलणं जमतं, ताई. औषध, दुखणं, नातेवाईक यावर तर जमतंच. ऐकण्यात जातं. आणि लेखी परीक्षेत 'पर्यावरण आणि समाज' असले विषय येतात तिथे शब्दच नसतात.

सायोनारा_सिडको

मग ऐकण्यासाठी मेंदूवाटांनी सांगितलेली र-लवाली युक्ती बघा. पुस्तकाबरोबरची तीच दोन माणसं ऐकत बसू नका. बातम्या, रेडिओ, दवाखान्यातले संवाद, बायका-पुरुष-म्हातारे, जितके वेगळे आवाज तितकं बरं. परीक्षेत आवाज अनोळखी असतो, तिथे बसलेला दणका कमी होतो.

रात्रपाळी

बसमध्ये ऐकता येईल. निफाड-नाशिक जाता-येता तेवढाच वेळ माझा असतो.

स्टुटगार्टची_आजी

मला फोन कर गं. रोज संध्याकाळी आपण दोघी जर्मनमध्ये बोलू. मी चुकीचं बोलीन, पण सावकाश बोलीन. आणि श्वेबिश फुकट.

रात्रपाळी

आजी, व्यक्तिगत निरोप केला आहे. संध्याकाळी ड्युटी असते, सकाळी साडेआठ चालेल का?